म्हातारपणी शेवटच्या खर्चाची सोय कशी करावी? विमा घ्यावा की पैसे बाजूला ठेवावेत? वाचा सविस्तर

विषय अवघड आहे. घरात कुणी काढला तर लगेच "अशुभ बोलू नको" म्हणतात. पण गावात माणूस गेला की पहिल्या तासाभरातच प्रश्न उभा राहतो, खिशात पैसे कुणाच्या आहेत? लाकडं कुणी आणायची, गाडीवाल्याला किती द्यायचे, दहाव्याचं काय? त्या वेळी घरच्यांना काही सुचत नसतं, आणि नेमकं तेव्हाच कर्ज काढलं जातं.

आमच्याच घरचं सांगतो. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, आजाराने गेले. वय ६७. तात्यांच्या खात्यातून दरवर्षी २० रुपये विम्याचे कापले जायचे, म्हणून घरच्यांना वाटलं दोन लाख येणार. त्या भरवशावर तेराव्याला सगळा गाव बोलावला आणि ५० हजार रुपये शेकडा तीनने उचलले. नंतर बँकेत गेल्यावर कळलं की २० रुपयांचा विमा फक्त अपघाताचा असतो. आजाराने मृत्यू झाला तर त्यात एक रुपयाही मिळत नाही. दुसरीकडे तात्यांची ८० हजारांची ठेव होती. तिच्यावर नॉमिनी म्हणून आजीचं नाव होतं, आणि आजी तर बारा वर्षांपूर्वीच गेलेली. सगळ्या वारसांच्या सह्या, प्रतिज्ञापत्र, जामीनदार असं करता करता ठेव हातात यायला आठ महिने लागले. महिन्याला दीड हजार याप्रमाणे आठ महिन्यांचे १२ हजार रुपये नुसतं व्याज गेलं. पैसे स्वतःचेच होते, तरी व्याज भरावं लागलं.

म्हणून हा लेख. ज्यांचं वय साठीच्या आसपास आहे त्यांनी स्वतः वाचावा, आणि ज्यांचे आईवडील त्या वयात आहेत त्यांनी त्यांना वाचून दाखवावा.

आधी खर्च किती येतो ते मांडा

तात्यांच्या वेळचा हिशोब मी वहीत लिहून ठेवला होता. तो असा:

- दवाखान्यातून घरी आणायला गाडी: ४,५०० रुपये
- लाकडं आणि गोवऱ्या: ४,००० रुपये
- तिरडी, कापड, मडकं, हार वगैरे: १,५०० रुपये
- दहाव्याचा विधी: ४,००० रुपये
- तेराव्याचं जेवण, ४०० माणूस: ३६,००० रुपये
- मंडप, भांडी, खुर्च्या: ६,००० रुपये
- प्रवचन: ५,००० रुपये
- टॉवेल-टोपी, साड्या: ७,००० रुपये

एकूण ६८,००० रुपये. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल, तुमच्या समाजाची रीत वेगळी असेल. मुस्लिम समाजात कफन-दफन, लिंगायत, गोसावी, नाथ समाजात माती देण्याची रीत, तिथे लाकडाचा खर्च नसतो, पण खड्डा, कापड आणि नंतरचे विधी असतातच. कुणी अस्थी घेऊन पैठणला किंवा नाशिकला जातं, तर गाडीभाडं वाढतं.

पण हिशोब नीट बघा. पहिल्या दिवशी जे टाळता येत नाही ते १०,००० रुपये. दहावा धरला तर १४,०००. बाकीचे ५४,००० रुपये जेवणावळ, मंडप, प्रवचन आणि कपड्यांवर गेले. म्हणजे ज्या खर्चाची खरोखर तातडी असते तो थोडा आहे. मोठा खर्च आपण ठरवू तसा असतो. सोय करताना या दोन्ही रकमा वेगळ्या धरा. पहिली रक्कम त्याच दिवशी हातात लागते, दुसरीला दहा-बारा दिवसांचा वेळ असतो.

एक लक्षात ठेवा. १०८ नंबरची रुग्णवाहिका आजारी आणि जखमी माणसासाठी आहे, मृतदेह घरी न्यायला ती मिळत नाही. सरकारी दवाखान्याची शववाहिका आहे का ते तिथेच विचारा. नसली तर खासगी गाडीचं भाडं आधी ठरवा, मग गाडीत ठेवा.

"अंत्यविधीचा विमा" असा वेगळा मिळतो का?

अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांना फक्त दफनखर्चासाठी छोटा आयुर्विमा विकतात. आपल्याकडे गावात कुणी एजंट तसा वेगळा विमा घेऊन येत नाही. आपल्याला साधा जीवन विमा, सरकारी विमा योजना आणि स्वतःची बचत यांतूनच सोय करावी लागते. त्यात वयाची अट सगळ्यात महत्त्वाची. स्वस्त दरवाजे पन्नाशी-पंचावन्नला बंद होतात. म्हणून वयानुसार बघू.

वय ५० च्या आत असेल तर

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ४३६ रुपये. मृत्यू आजाराने होवो, अपघाताने होवो, वारसाला २ लाख रुपये. बँकेत किंवा पोस्टात खातं असलं की एक फॉर्म भरून भाग घेता येतो. अट एवढीच की वय १८ ते ५० असताना त्यात शिरावं लागतं. पन्नाशीच्या आत शिरलात आणि दरवर्षी हप्ता चालू ठेवलात तर ५५ व्या वर्षापर्यंत संरक्षण मिळतं. त्यानंतर ते संपतं.

यात तीन गोष्टींमुळे लोक फसतात:

१. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मे महिन्याच्या शेवटी खात्यात ४३६ रुपये नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. खरीपाच्या तयारीत खातं रिकामं होण्याचे हेच दिवस. तेवढे पैसे बाजूला ठेवा.

२. नव्याने भाग घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत आजाराने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. अपघात असेल तर मिळतात.

३. दोन बँकांत दोनदा हप्ता कापला जात असला तरी भरपाई एकदाच, २ लाखांचीच. एक बंद करून टाका.

वय ५५ पर्यंत: पोस्टाचा ग्रामीण डाक जीवन विमा

हा विमा २४ मार्च १९९५ पासून खेड्यातल्या लोकांसाठी सुरू झाला. त्यातली "ग्राम सुरक्षा" ही पॉलिसी आपल्या विषयाच्या जवळची आहे. वय १९ ते ५५ पर्यंत घेता येते. कमीत कमी रक्कम १० हजार, जास्तीत जास्त १० लाख. हप्ते ५५, ५८ किंवा ६० वर्षांपर्यंत भरायचे. वयाच्या ८० व्या वर्षी रक्कम बोनससह स्वतःला मिळते, त्याआधी मृत्यू झाला तर वारसाला. म्हणजे कमावत्या वयात हप्ते भरून टाकायचे आणि म्हातारपणी हप्त्याचं ओझं नाही. ५० हजार किंवा १ लाखाची पॉलिसी वेळेत घेतली तर शेवटचा खर्च त्यात बसतो. पोस्टमनला किंवा शाखा डाकपालांना वयानुसार हप्त्याचा तक्ता मागा.

वयाच्या ५४ व्या वर्षी घेतली तर हप्ता भरायला वर्षं कमी उरतात, त्यामुळे तो जड जातो. चाळिशीत घेतलेली हलकी पडते.

वय ५५ ते ७० असेल तर

इथे बरेच जण गोंधळतात. या वयात २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालते. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, काही प्रमाणात कायमच्या अपंगत्वाला १ लाख. २० रुपयांत एवढं मिळतं, जरूर ठेवा. पण तात्यांच्या घरच्यांनी केली ती चूक करू नका. हार्ट अटॅक, कॅन्सर, म्हातारपणाचा मृत्यू यात बसत नाही.

जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याला २ लाख, त्याआधीच्या खात्याला १ लाख. अट अशी की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं. डब्यात ठेवून दिलेल्या कार्डाचा उपयोग नाही. आजीचं कार्ड तीन महिन्यांतून एकदा तरी चालवा.

शेतकरी असाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली नाव नसलेली कोणतीही एक व्यक्ती. अपघाती मृत्यूला २ लाख. रस्ता अपघात, वीज पडणं, विजेचा शॉक, सर्पदंश, पाण्यात बुडणं यात येतं. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या येत नाही. यासाठी हप्ता भरावा लागत नाही, पण अर्ज करावा लागतो, आणि तो ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. म्हणून साप चावून किंवा शॉक लागून मृत्यू झाला तर घाईने अग्नी देऊ नका. पोलिसांत खबर द्या, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. ती कागदं नसतील तर पुढे कुणीही काही करू शकत नाही.

साठीनंतर एजंट पॉलिसी घेऊन आला तर

साठीनंतर जीवन विमा मिळत नाही असं नाही. काही कंपन्यांच्या पॉलिसी मिळतात, पण हप्ता जड असतो. सही करण्याआधी कागदावर साधा हिशोब करा.

समजा ६३ वर्षांच्या माणसाला कुणी सांगितलं, वर्षाला १२ हजार भरा, दहा वर्षं भरा, मागे सव्वा लाख मिळतील. दहा वर्षांत तुम्ही १ लाख २० हजार भरणार. पूर्ण हप्ते भरून झाल्यावर गेलात तर वारसाला भरलेल्यापेक्षा पाच हजार जास्त. सुरुवातीच्या वर्षांत गेलात तर फायदा आहे खरा, पण काही पॉलिसींत पहिली एक-दोन वर्षं फक्त भरलेले हप्तेच परत मिळतात. आणि मधेच हप्ते थांबले, दुष्काळ पडला, कापसाला भाव आला नाही, तर नुकसान.

आता तेच महिन्याला हजार रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत टाकले तर? पाच वर्षांत ६० हजार जमा. व्याजदर ६.७ टक्के धरला तर ७१ हजारांच्या पुढे हातात येतात. माणूस हयात असला तर पैसा त्याचाच. दवाखान्याला लागला तर वापरता येतो. कमी एवढंच की पहिल्याच वर्षात काही झालं तर जमा तेवढंच मिळणार.

म्हणून माझ्या मते साठीनंतर शेवटच्या खर्चापुरता नवा जीवन विमा घेण्यापेक्षा पैसा बाजूला ठेवणं बहुतेक शेतकरी कुटुंबांना परवडतं. ज्याच्याकडे महिन्याची निश्चित पेन्शन आहे आणि ज्याच्या मागे कमावतं कुणी नाही, त्याने विम्याचा विचार करावा.

घ्यायचाच असेल तर एजंटला हे प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा:

- पहिल्या वर्षात आजाराने मृत्यू झाला तर पूर्ण रक्कम मिळेल का?
- मी एकूण किती भरणार आणि वारसाला किती मिळणार?
- हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत?
- पॉलिसी मोडली तर किती परत?
- हा विमा आहे, ठेव आहे की शेअर बाजाराशी जोडलेलं काही आहे?

शेवटचा प्रश्न मुद्दाम लिहिला. ठेव ठेवायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात पाच वर्षं हप्त्यांची पॉलिसी बांधल्याची प्रकरणं गावोगाव ऐकायला मिळतात. अशा वेळी घाबरू नका. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे परत मिळतात. म्हणून कागद आला की कपाटात टाकू नका, शिकलेल्या नातवाला वाचायला द्या.

फॉर्म भरताना शुगर, बीपी, झालेलं ऑपरेशन लपवू नका. "काही होत नाही काका, नाही लिहा" असं एजंट म्हणाला तरी. माहिती लपवली म्हणून पहिल्या तीन वर्षांत कंपनी दावा नाकारू शकते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं पूर्ण झाल्यावर मात्र कंपनीला पॉलिसीवर हरकत घेता येत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. कुणी जीएसटीच्या नावाने जादा पैसे मागितले तर पावती मागा. तक्रार असेल तर आधी कंपनीला लेखी द्या, मग विमा नियामकाचा १५५२५५ हा नंबर लावा. त्यानेही भागलं नाही तर विमा लोकपाल आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

घरात कुणी कामगार असेल तर हे विसरू नका

- साखर कारखाना, सूतगिरणी, कंपनीत पीएफ कापला जात असेल आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआय विम्यातून कमीत कमी अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख मिळू शकतात. वेगळा हप्ता कामगाराला भरावा लागत नाही, त्यामुळे अनेकांना माहीतच नसतं.
- ईएसआय कापला जात असेल तर अंत्यविधीच्या खर्चासाठी १५ हजारांपर्यंत मिळतात.
- नोंदणी चालू असलेला बांधकाम कामगार ५० ते ६० वयात गेला तर मंडळाकडून अंत्यविधीसाठी १० हजार रुपये. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण झालेलं हवं.
- दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस, पुरुष असो की बाई, १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार रुपये. अर्ज तहसील कार्यालयात.
- मागे राहिलेल्या निराधार विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये. उत्पन्नाची अट आहे, तहसीलला विचारा.

हे पैसे अंत्यविधीच्या दिवशी मिळत नाहीत. महिने लागतात. त्यांच्या भरवशावर पंगत उठवू नका.

पैसा ठेवायचा कुठे?

पैसा साठवला पण वेळेवर हातात आला नाही तर उपयोग शून्य. तीन ठिकाणी विभागून ठेवा.

पहिला भाग, १० ते १५ हजार, घरात किंवा विश्वासू माणसाकडे रोख. कुठे आहे ते दोघांना माहीत असावं. एकट्यालाच माहीत असलेला पैसा त्याच्याबरोबर जातो.

दुसरा भाग, जोडखात्यात. नवरा-बायको किंवा आई-मुलगा. खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीचं असावं, म्हणजे एकटा मागे राहिला तरी पैसे काढता येतात. जोडठेव असेल तर आणखी एक गोष्ट बँकेला लिहून द्या, की एकाच्या मृत्यूनंतर हयात असलेल्याला मुदतीआधी ठेव मोडता येईल. हे लिहून दिलेलं नसलं तर बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागू शकते.

तिसरा भाग, ठेव किंवा पोस्टात, नॉमिनीसह. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला आणि ठेवीला एकाऐवजी चारपर्यंत नॉमिनी देता येतात. नॉमिनी असेल आणि कागद पूर्ण असतील तर बँकेने १५ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे.

आता पतसंस्थेचं. व्याज एक-दोन टक्के जास्त मिळतं म्हणून म्हातारी माणसं सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नसतं. भिशी आणि दामदुप्पट योजनांना तर काहीच नसतं. शेवटच्या दिवसांसाठीचा पैसा तिथे नको.

आणि एक चूक सर्रास होते. माणूस गेल्यावर मुलगा त्याचं एटीएम घेऊन जातो आणि पैसे काढतो. पिन माहीत असला तरी मृत माणसाच्या खात्यातून असे पैसे काढणं नियमाला धरून नाही. पुढे बहीण-भावात वाद झाला की तेच पैसे काढलेले अंगाशी येतात. जोडखातं असेल तर ही वेळच येत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक का?

नाही. बँकेतल्या पैशाचा नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. पैशावर हक्क सगळ्या वारसांचा राहतो. जीवन विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर थोडा फरक आहे. तिथे आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर तेच लाभार्थी धरले जातात.

कुणाला किती द्यायचं हे मनात असेल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. तुमची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर भांडण कमी होतं.

मृत्यूनंतर कागदांचा क्रम

१. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. घरी मृत्यू झाला तर ग्रामपंचायतीत, दवाखान्यात झाला तर दवाखान्यामार्फत त्या भागात. २१ दिवसांत फी नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि चकरा वाढतात.

२. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या. नाव आधार कार्डाप्रमाणेच आहे ना ते तिथेच तपासा. एका काना-मात्रेवरून दावा अडतो.

३. बँक, पोस्ट, विमा कंपनी, सोसायटी यांना लेखी कळवा आणि पोहोच घ्या.

४. सातबारावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज.

५. पीएम किसान, निराधार, श्रावणबाळ अशा योजनांचे पैसे खात्यात येत राहिले तर कळवून बंद करा. नंतर वसुली निघते.

पंगतीचं काय करायचं?

हा भाग लिहिताना मला भीती वाटते, कारण लोक भावनिक होतात. पण कर्ज काढून सण-दिवस आणि पंगती करू नका हे गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून सांगत राहिले. आपण त्यांचा फोटो लावतो आणि तेराव्याला शेकडा तीनने पैसे उचलतो. परवाना नसलेल्या सावकाराने व्याजाने पैसे देणं हा २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, तरी ते सगळीकडे चालतं.

काही गावांत आता दहावा आणि तेरावा एकाच दिवशी करतात, टॉवेल-टोपी बंद केली, जेवण फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांना. अस्थी आपल्याच शेतात पुरून त्यावर आंबा किंवा जांभूळ लावणारीही माणसं आहेत. कुणी देहदानाचा फॉर्म जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात भरून ठेवतं. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून घरच्यांना आधी माहिती हवी.

अडचण अशी की मुलगा हे ठरवू शकत नाही. त्याने पंगत कमी केली तर भावकी म्हणते, "बापाचं जेवण घातलं नाही." ही गोष्ट जाणाऱ्या माणसानेच सांगून ठेवायची असते.

तात्यांच्या नंतर मी घरी हा विषय काढला. आई ६८ वर्षांची. मला वाटलं रागावेल. ती उठली, आपली पत्र्याची पेटी काढली, तिच्यातलं पासबुक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "बरं झालं विचारलंस. मला वाटायचं तुम्ही कुणी विचारणारच नाही." पासबुकावर नॉमिनी अजून माझ्या वडिलांचंच नाव होतं, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दुसऱ्याच दिवशी आम्ही बँकेत जाऊन ते बदललं. मग तिने मला वहीत लिहायला लावलं. जेवण फक्त पाहुण्यांना, पिठलं-भाकरी चालेल. टॉवेल-टोपी नको. राख लिंबाच्या बुडाला. खाली अंगठा दिला आणि म्हणाली, "हे भावकीला दाखव. माझ्यासाठी कर्ज काढलंस तर वर बसून शिव्या देईन."

येत्या आठवड्यात एवढं करा

- सगळी पासबुकं, पॉलिसी, ठेवपावत्या एका पिशवीत ठेवा.
- प्रत्येकावर नॉमिनी कोण आहे आणि तो हयात आहे का ते बघा.
- खात्यातून २० रुपये कापले जातात की ४३६, ते तपासा. दोन्हीतला फरक घरच्यांना सांगा.
- एक खातं जोडखातं करून घ्या.
- पहिल्या दिवसाचा खर्च रोख बाजूला ठेवा.
- आपल्या मागे काय करायचं, काय नाही, ते वहीत लिहून सही करा.

बँकेत एक फेरी आणि घरात एक संध्याकाळ, एवढाच वेळ लागतो. माहिती उपयोगी वाटली तर भावकीच्या ग्रुपवर जरूर पाठवा. आणि ज्यांना वाचता येत नाही अशा शेजारच्या आजीला तिचं पासबुक घेऊन बसवा, तिचा नॉमिनी कोण आहे ते बघून सांगा.